एक वार, दोन वार

पाळकसाहेबांनी ‘मलाखी, अध्याय तिसरा’ असं म्हटलं की आमच्या मंडळीत खोकल्याची साथ येते. मलाखी हे जुन्या कराराचं शेवटचं पुस्तक, अवघ्या चार अध्यायांचं. एरवी स्तोत्रसंहिता डोळे मिटून उघडणारी माणसं मलाखी शोधताना हमखास पुढे जातात, मत्तयात पोहोचतात आणि तिथल्या वंशावळीत रमतात. तिसऱ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देण्याचा, विषय आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून तर सापडत नाही.

आमची मंडळी सिंहगड रोडवर, धायरी मागे टाकून खडकवासल्याकडे जाताना लागते. उंच मनोरा, रंगीत काचा असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक की-बोर्ड आणि ‘गेटसमोर वाहने लावू नयेत’ हा फलक, ज्याच्यासमोर मंडळीची सगळी वाहनं. माणसं नगरची, श्रीरामपूरची, जालन्याची. कोणी एनडीए या लष्करी प्रबोधिनीच्या मेसमधून निवृत्त झालेलं, कोणी नर्स, कोणी महापालिकेच्या शाळेतल्या बाई, कोणी जलसंशोधन केंद्रात नोकरी काढलेलं. यांतलं कोणीही स्वभावाने चिक्कू नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कोणाकडे मयत झाली तर त्या घरची चूल चार दिवस पेटू देत नाहीत. दवाखान्यात रक्त लागलं तर गट जुळो न जुळो, दंड पुढे करून उभे. फक्त अर्पणाची थैली समोर आली की याच माणसांचा हात खिशात शिरून हरवतो.

एका पावसाळ्यात हा हात शोधणं निकडीचं झालं, कारण छत गळायला लागलं. खडकवासल्याचा पाऊस पेठांतल्या पावसासारखा पाट्या टाकून जात नाही, मुक्कामाला येतो. तिसऱ्या रांगेवर धार लागली. मंडळीने शांतपणे तिसरी रांग सोडली. मग दुसरी सोडली. आमच्याकडे पहिली रांग तशीही कोणी धरत नाही. ऑगस्टपर्यंत सगळी ख्रिस्तमंडळी मागच्या भिंतीला टेकून प्रभूची स्तुती करत होती आणि पाळकसाहेब मधल्या बादल्यांपलीकडून संदेश देत होते. पत्रे बदलायला हवेत यावर एकमत झालं. ते कोणी बदलायचे यावर मलाखी काढावा लागला.

वास्तविक दानाच्या बाबतीत आमच्या परिसराने मान खाली घालावी असं काही नाही. एनडीएची ती घुमटाची देखणी इमारत, सुदान ब्लॉक, ही मुळात भेटीच्या पैशातून उभी आहे. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांची आठवण म्हणून सुदान सरकारने १९४१ साली एक लाख पौंड दिले. पुढे देशाची फाळणी झाली तशी देणगीचीही झाली. भारताच्या वाट्याला सत्तर हजार आले आणि ते या वास्तूला लागले. हा किस्सा आमच्याकडे फार जिव्हाळ्याने सांगितला जातो, कारण आमच्या मंडळीचीही एकदा फाळणी झाली होती. तेव्हा वाटण्यासारख्या फक्त खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं, त्यामुळे वाटणी सोपी गेली. जाणाऱ्यांनी आपापले आजोबा उचलले आणि गेले. दोन-तीन आजोबा चुकून आमच्याकडे राहिले आहेत. त्यांच्यावर बसताना नगरकर अजूनही जरा जोर लावून बसतात.

आणि पुण्यातल्या एका जुन्या चर्चला जमीन कोणी दिली? सवाई माधवराव पेशव्यांनी. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती माणसं होती, त्यांच्या उपासनेसाठी १७९२ साली ही जागा मिळाली. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच. पाळकसाहेबांनी हे उदाहरण मोठ्या उमेदीने दिलं. मागच्या भिंतीकडून उत्तर आलं, ‘‘पेशव्यांकडं होतं, साहेब.’’

हात हरवण्याच्या या सवयीला इतिहास आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, पुढे नगरला त्यांनी ठाण मांडलं. शाळा, दवाखाना, वसतिगृह, उपदेशकाचा पगार, सगळ्याला पैसा बोस्टनहून यायचा. त्याच बोस्टनच्या बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन मात्र कंठशोष करत होते की मंडळ्यांनी आपल्या पायांवर उभं राहावं, आपला पाळक आपण पोसावा. १८५४-५५ मध्ये ते स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. मंडळ्यांनी त्यांचं आदराने ऐकून घेतलं असणार. आदराने ऐकून घेणं आम्हाला तेव्हापासून जमतं.

याला ठळक अपवाद रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. टिळकांच्या औदार्याचं ज्याला कौतुक करायचं असेल त्याने ‘स्मृतिचित्रे’ वाचावं, पण ते लिहिणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या बाजूला बसून वाचावं. हातात आलेला पैसा टिळक कधी कोणाच्या हातावर ठेवतील याचा नेम नसे आणि उद्या चुलीवर काय ठेवायचं याचा विचार लक्ष्मीबाईंनी करायचा. आमच्या महिला मंडळाला टिळक कवी म्हणून अतिशय प्रिय आहेत. नवरा म्हणून त्यांच्या बाजूने अद्याप एकही मत पडलेलं नाही.

तर थैली. लाल मखमलीची, लाकडी दांड्याची, खोल. तिचा खोलपणा हाच तिचा गुण. थैलीऐवजी ताट फिरवावं असा ठराव एकदा कमिटीत आला होता. ताटात नोट दिसते. तो ठराव सर्वानुमते फेटाळला गेला. आमच्या कमिटीच्या इतिहासात सर्वानुमते झालेली ही एकच गोष्ट.

थैलीत हात घालण्याच्याही घराण्याघराण्यांच्या पद्धती आहेत. काही जण नोटेची इतकी बारीक घडी करतात की उघडताना खजिनदारकाकांना चष्मा लागतो. काहींची मूठ कोपरापर्यंत आत जाते आणि बाहेर येताना चेहऱ्यावर पूर्ण समर्पण असतं. मूठ मिटलेली असते, ती उघडली होती की नाही हे देवाला आणि त्यांनाच ठाऊक. एक गृहस्थ शंभराची नोट सगळ्यांना दिसेल अशी आत सोडत आणि मग तितक्याच मोकळेपणाने नव्वद रुपये मोजून परत घेत. त्यात त्यांना काही गैर वाटत नसे. हिशेब चोख होता. अर्पणाच्या गीताची कडवी वाढवली तर लोकांना पाकीट काढायला वेळ मिळेल, असं सेक्रेटरींना वाटलं. कडवी वाढवली. त्या वेळात लोकांनी शेजाऱ्याकडून सुटे घेतले आणि अर्पण घटलं.

थैलीला चांगले दिवस आले ते एकदाच, नोव्हेंबर २०१६ मध्ये. ८ तारखेला मंगळवारी रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि त्या रविवारी थैली दोन हातांनी धरावी लागली. जे वर्षानुवर्षं दहा रुपयांपलीकडे गेले नव्हते त्यांना एकाएकी जाणवलं की या जगातलं धन नाशवंत आहे. खजिनदारकाका ती नाशवंत ठेव घेऊन पुढचे दिवस बँकेच्या रांगेत उभे होते. त्या धक्क्यातून सावरतात तोच दहाच्या नाण्यांचं प्रकरण आलं. नाणी बंद झाली अशी अफवा उठली, भाजीवाले घेईनात, रिक्षावाले घेईनात. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं की दहाचं नाणं चौदा प्रकारच्या नक्षीत आहे आणि चौदाही प्रकार चालतात. आमच्या मंडळीला पत्रकाची गरज नव्हती. जे कुठेही चालत नाही ते कुठे चालतं, हे तिला आधीच माहीत होतं. चौदाच्या चौदा प्रकार खजिनदारकाकांनी थैलीतून जमवले.

करोनानंतर क्यूआर कोड आला. त्याच्याबरोबर रक्कम मोठ्याने सांगणारी ती छोटी डबी आली, किराणा दुकानात असते तशी. कोणीतरी ती थेट वेदीशेजारच्या टेबलावर ठेवली. पहिल्या रविवारी शांत प्रार्थना चालू असताना डबी खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘दस रुपये प्राप्त हुए.’’ सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. सगळ्यांनी ते उघडले. पुढच्या रविवारी मात्र डबीने पन्नासाच्या खालचा शब्द काढला नाही, त्याच्या पुढच्या रविवारी शंभर. पाळकसाहेब मनोमन डबीच्या बाजूचे झाले. तेव्हा मंडळीच्या काही वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये असं प्रभूने सांगितलं आहे आणि इथे तर धायरी फाट्यापर्यंत कळतंय. वचन बिनतोड होतं. डबी कार्यालयातल्या कपाटात गेली. ज्यांनी वचन काढून दाखवलं त्यांना तो मत्तयाचा सहावा अध्याय इतक्या चटकन कसा सापडला, याचं मला अजून नवल वाटतं. मलाखी तर त्यांनाही सापडत नव्हता.

मग बुधवारच्या बायबल अभ्यासात दशमांशाचा विषय घेतला, अगदी पायापासून. पहिला प्रश्न, दहावा हिस्सा कशाचा? हातात पगार येतो त्याचा की कापाकापीच्या आधी कागदावर दिसतो त्याचा? प्रॉव्हिडंट फंडाचा दशमांश आत्ता द्यायचा की निवृत्त झाल्यावर? आत्ता दिला आणि नंतर पैसे मिळाले तेव्हा पुन्हा दिला तर दशमांशावर दशमांश होतो का? जीएसटीचे रिटर्न भरणाऱ्या एका तरुणाने इथे ‘इनपुट क्रेडिट’ हा शब्द काढला. दुसऱ्याने करसवलतीसाठी ८०जीची पावती मिळेल का विचारलं. निव्वळ धर्मकार्याच्या देणगीला एरवी ती सवलत मिळत नाही, असं कळल्यावर त्याने वही मिटली. शेवटी पाळकसाहेबांनी येशूने परुश्यांना कसं झापलं ते सांगितलं. पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश मोजून देता आणि न्याय नि दया सोडून देता म्हणून. त्यावर एका मावशींनी मनापासून विचारलं, ‘‘कोथिंबिरीबरोबर भाजीवाली चार मिरच्या फुकट टाकती, त्याचं काय करायचं?’’ कोणाला उत्तर सुचेना. मग सर्वांत थोरल्या आबांनी निवाडा दिला, ‘‘फुकट आलं ती कृपा. कृपेवर दशमांश नसतो.’’ सभा आनंदात संपली.

पाळकसाहेब हार मानणारे नाहीत. सप्टेंबरात त्यांनी धरणावर संदेश दिला, आणि खरं सांगतो, तयारी उत्तम केली होती. पुण्याला पाणी देणारी चार धरणं. टेमघर ३.७१ टीएमसी, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि आपलं खडकवासला अवघं १.९७. चौघांत सर्वांत लहान. पण वरच्या तिघांचं सगळं पाणी याच्याकडे येतं आणि हे स्वतःकडे न ठेवता शहराला देतं. थोरली धरणं साठवतात, धाकटं देतं. बंधूंनो आणि भगिनींनो, आपण कोणतं धरण आहोत? मंडळी हलली. पुणेकर माणूस ऑगस्टात विसर्गाचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे ऐकतो, त्यामुळे प्रत्येकाला मुद्दा पोहोचला होता. दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

उपासना संपल्यावर जलसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले एक काका दारात पाळकसाहेबांना भेटले. १९१६ पासूनची ती संस्था. साऱ्या देशातल्या धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती तिथे पाणी सोडून तपासतात. काकांचा जन्म त्यात गेलेला. ते अदबीने म्हणाले, ‘‘संदेश छान झाला साहेब. एक तांत्रिक दुरुस्ती. खडकवासला देत नाही. त्याच्याकडे ठेवायला जागा नाही.’’

पाळकसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खजिनदारकाकांकडून पाकिटांची वही मागवली. मंडळीत महिन्याची पाकिटं देणारी थोडी घरं आहेत. त्यात दर महिन्याला न चुकता, तीही एक तारखेनंतरच्या पहिल्याच रविवारी येणारी पाकिटं कोणाची, तर सोसायट्यांतून धुणीभांडी करणाऱ्या दोघी बहिणींची आणि रात्रपाळीच्या एका वॉचमनचं. टॉवरमधल्या फ्लॅटवाल्यांची पाकिटं मार्चअखेर एकदम येतात, आली तर. पाळकसाहेब वही बंद करून म्हणाले, ‘‘काका तांत्रिक बोलले, पण बरोबर बोलले.’’ पुढच्या रविवारी ते विधवेच्या दोन टोल्यांवर, तिने दानपेटीत टाकलेल्या शेवटच्या नाण्यांवर, बोलणार होते. तो संदेश त्यांनी दिला नाही. ज्यांना लागू होता त्यांनी आधीच पाकीट दिलं होतं, आणि उरलेल्यांना ती विधवा फार आवडते. तिचं कौतुक करायला पैसे पडत नाहीत.

मिझोरमचा प्रयोगही झाला. तिकडच्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाला तांदूळ घेताना बाई एक मूठ बाजूला काढते आणि ती मंडळीला जाते. बुहफाई थाम म्हणतात त्याला. मुठीमुठीतून तिकडच्या मंडळ्यांनी मोठमोठी कामं पेलली आहेत. आमच्याकडे घरोघरी डबे वाटले. महिन्याने डबे परत आले तेव्हा त्यांत इंद्रायणी होता, कोलम होता, बासमतीचा तुकडा होता, रेशनचा होता, इडलीचा उकडा होता आणि एका डब्यात तांदळापेक्षा पोरकिडे जास्त होते. ते सगळं एकत्र करून महिला मंडळाने प्रीतिभोजनाला खिचडी टाकली. इंद्रायणीचा चिखल झाला तेव्हा उकडा नुकता पाणी पीत होता. आमची मंडळी पाच जिल्ह्यांतून आलेली. ऐक्य हे आत्म्याचं फळ असेल, कुकरचं नाही.

इतकं सगळं करून पत्र्यांच्या फंडात जे जमलं त्यात बादल्या नव्या आल्या.

आता याच माणसांना रविवारी संध्याकाळी धरणावर बघा. थैलीत दहाची नोट सोडून निघालेलं कुटुंब चौपाटीवर गाडी लावतं. लावतं म्हणजे अर्धा तास जागा शोधतं, कारण अर्धं पुणे तिथेच आलेलं असतं. मग कांदाभजीच्या प्लेटा, एक संपायच्या आत दुसरी. लिंबू-मीठ चोळलेली कणसं माणशी एक, पोरांना दोन. शेजारी मंडळीतलंच दुसरं कुटुंब दिसलं की पहिला पाकीट काढतो, दुसरा त्याचा हात धरतो, ‘‘अहो राहू द्या, मी देतो.’’ ‘‘छे, तुम्ही कसं, मागच्या वेळी तुम्हीच.’’ भजीवाल्याच्या अंगावर दोघं नोटा फेकतात. तो बिचारा कोणाची घ्यावी या विचारात भजी करपवतो. दोन तासांपूर्वी अर्पणाच्या वेळी याच दोघांनी एकमेकांकडे सुटे मागितले होते.

पाळकसाहेबांनी हे एकदा स्वतः कणीस खाताना पाहिलं. घरी जाऊन ते पत्नीला म्हणाले म्हणे, की मी इतकी वर्षं लोकांना चुकीच्या जागी मागतोय.

यावर तोडगा काढला तो कंडक्टरकाकांनी. पीएमटीची पीएमपीएमएल व्हायच्या कितीतरी आधीपासून ते कंडक्टर. सिंहगड रोडच्या बसला मागे लटकणाऱ्या माणसाकडूनही तिकिटाचे पैसे काढलेला हा गृहस्थ. मंडळीत त्यांच्याकडे वर्षातून एकदाच काम असतं, हंगामाच्या सणाला. दिवाळीनंतर, पीक घरात आलं की आम्ही तो करतो. गावाकडे पहिल्या उपजाचा वाटा देवाला आणत, ज्वारी, बाजरी, कोंबडी, अंडी. शहरात शेत नाही, पण सण आहे. मग कोणी वेल्ह्याच्या ओळखीतून नवा तांदूळ आणतं, कोणी नगरहून पाहुण्याबरोबर ज्वारी मागवतं, कोणी मंडईतून भोपळा आणून स्वतःच्या वेलाचा म्हणून ठेवतं. सिंहगडाखालून मडक्यातलं दही येतं, महिला मंडळाचे केक येतात. उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव, आणि लिलावाला कंडक्टरकाका. खांद्याला जुनी चामडी बॅग, हातात चिमटा. तो चिमटा टेबलावर आपटला की माणसं आपोआप पुढे सरकतात.

दहा टक्के म्हटलं की खोकणारी मंडळी इथे ओळखू येत नाही. वीस रुपयांच्या दुधी भोपळ्याला नगरकरांनी शंभर लावले की जालनेकर दोनशे म्हणतात. भोपळा कोणालाच नको असतो, दोन्ही घरांतली पोरं दुधी खात नाहीत. पण जालन्याला गेला तर नगरची शान काय राहिली? नारळ तीनशेला, अंड्यांचा डझन पाचशेला. केकचं गणित तर फार नाजूक. आपल्या बायकोचा केक दुसऱ्या कोणी कमी बोलीत नेला तर त्या नवऱ्याने घरी कोणत्या तोंडाने जायचं? म्हणून नवराच बोली चढवत नेतो, समोरचे मुद्दाम चढवायला लावतात, आणि शेवटी घरी केलेला केक हजार रुपये मोजून घरीच परत जातो.

छत गळलेल्या वर्षीच्या सणाला एका गृहस्थांनी गावरान कोंबड्याला आठशेची बोली लावली आणि पलीकडून कोणी वाढवली नाही. काकांनी चिमटा उचलला, ‘‘एक वार, दोन वार...’’ गृहस्थ घाबरले. म्हणाले, मी हात वर केला नव्हता. काका म्हणाले, केला होता. ते म्हणाले, मी केस सारखे करत होतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, मी पाहिलं, तुम्ही आठशे म्हणालात. ते म्हणाले, मी काही बोललोच नाही. तिसऱ्यांदा नाकारलं आणि टेबलाखालच्या टोपलीतून कोंबड्याने बांग दिली. येशूला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला, ही पेत्राची गोष्ट रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. हॉलमध्ये जो हशा उठला त्यात त्या गृहस्थांनी निमूट आठशे मोजले, वर दोनशे घातले आणि कोंबडा घेऊन बाहेर गेले. पेत्रसुद्धा बाहेरच गेला होता.

याच लिलावात खजिनदारकाकांनी फोनवरून एक बातमी वाचून दाखवली. एप्रिल २०२४ मध्ये काश्मिरात सोपोरजवळच्या मालपोरा गावात मशिदीच्या बांधकामाला एका गरीब माणसाने अंडं दिलं. जो बोली जिंकायचा तो पैसे भरून अंडं परत मशिदीलाच द्यायचा, पुन्हा लिलाव. शेवटची बोली सत्तर हजारांवर गेली आणि त्या एका अंड्याने सव्वादोन लाखांवर रक्कम उभी केली. बातमी ऐकून कंडक्टरकाका क्षणभर थांबले. आयुष्यभर एक तिकीट एकदाच विकलेला माणूस तो. मग त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून नमुना म्हणून आणून ठेवलेला पत्रा दोन पोरांकरवी टेबलावर उभा केला.

‘‘तिसऱ्या रांगेवरचा पत्रा,’’ काका म्हणाले. ‘‘याच्याखाली कोण बसतं?’’

तिसऱ्या रांगेत पूर्वी जालनेकर बसत. त्यांनी हजार लावले. आपल्या डोक्यावर जालन्याचा पत्रा येऊ नये म्हणून दुसऱ्या रांगेच्या नगरकरांनी आपला वेगळा मागितला. खिडकीकडच्या पत्र्याला वारा येतो म्हणून चढाओढ. पंख्याच्या वरचा पत्रा मानाचा. की-बोर्डवरचा कोयरने वर्गणी काढून घेतला, बेसूर असले तरी कोरडे राहावेत म्हणून. श्रीरामपूरकर उशिरा जागे झाले, त्यांना संडासावरचा उरला होता. त्यांनी तो इर्षेने सगळ्यांत महाग घेतला. पत्र्यावर नाव लिहिणार का, एवढं मात्र प्रत्येकाने विचारलं. काका म्हणाले लिहू, वरच्या बाजूने. खाली कोणाला दिसणार नाही, स्वर्गातून वाचता येईल. यावर विचार करायला त्यांनी कोणालाही वेळ दिला नाही.

संध्याकाळी हिशेब झाला. छताला लागणारे सगळे पत्रे विकले गेले होते, आणि उत्साहात एक जास्त. मेच्या सुट्टीत काम झालं, पत्रे बसले, एक उरला. तो कोणाचा? सगळ्यांनी वर बोट दाखवलं, माझा तर बसलाय. उरलेला पत्रा कार्यालयाच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि पुढच्या सणाला काकांनी तो पुन्हा लिलावाला काढला. जालनेकरांनी घेतला, मंडळीतच ठेवून गेले. त्यातून की-बोर्डचा नवा अडॅप्टर आला. मग नाताळात पुन्हा काढला, नगरकरांनी घेतला आणि तिथेच सोडला, त्यातून खुर्च्या आल्या. खुर्च्यांच्या पाठी यंदा कोऱ्या ठेवल्या आहेत, पुढच्या फाळणीची सोय नको म्हणून. कितीही वेळा विकला गेला तरी पत्रा झिजत नाही, हे खजिनदारकाकांना विशेष आवडतं. डबीसुद्धा आता कपाटातून बाहेर आली आहे. लिलावाच्या दिवशी ती टेबलावर असते आणि तिच्याबद्दल कोणी मत्तय काढत नाही.

यंदाच्या सणाला पत्रा पुन्हा उभा राहिला आणि बोली अडली. दोन हजार, एक वार. दोन हजार, दोन वार. मागच्या बाजूने कोणीतरी ‘दोन हजार दहा’ म्हणालं. सगळ्यांनी मान वळवली. पाळकसाहेब होते. झग्याच्या खिशातून त्यांनी मूठभर नाणी काढली, सगळी दहाची, खजिनदारकाकांकडून नोटांच्या बदल्यात घेऊन साचलेली. बाकीची रक्कम पाचशेच्या नोटांत होती. कंडक्टरकाकांनी चिमटा थांबवला, नाणं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, हे आमच्याकडं चालत नाही. शंभराची काढा.’’